थंड प्रदेशात घरासाठी सोलर: आधी ऊब अडवा, मग ऊन पकडा

थंड प्रदेशात सोलरचं काही खरं नाही असं सांगणारे खूप भेटतात, आणि छतावर पॅनल टाकले की हिवाळा सुटला असं समजणारेही तितकेच भेटतात. थंडी आणि ऊन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आधी लक्षात घ्या. बाहेर उणे १५ असताना कडक ऊन पडू शकतं, आणि थंड हवेत पॅनल उलट जास्त वीज देतो. अडचण आहे ती वेळेची, म्हणजे उष्णता सगळ्यात जास्त लागते त्याच महिन्यांत दिवस छोटा, सूर्य खाली आणि कधीकधी आठवडाभर ढग. त्यामुळे इथे कोणतं काम आधी करायचं याला फार महत्त्व आहे. नवीन घर बांधत असाल, जुनं सुधारत असाल किंवा शाळा-हॉस्टेलसारखी इमारत बघत असाल, तरी खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने घ्या. विजेचे पॅनल सहाव्या पायरीवर आलेत ते मुद्दाम.

या क्रमामागे एक जुना अनुभव आहे. १९७७ साली कॅनडातल्या रेजायना शहरात सस्कॅचवान कन्झर्व्हेशन हाऊस नावाचं एक प्रात्यक्षिक घर बांधलं. तिथला हिवाळा उणे ३० पर्यंत सहज जाणारा. घराला जाड इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर), हवाबंद भिंती, आत येणाऱ्या ताज्या हवेला बाहेर जाणाऱ्या हवेची उष्णता देणारी यंत्रणा, आणि शिवाय उन्हाची उष्णता गोळा करणारे सोलर कलेक्टर आणि पाण्याची मोठी टाकी असं सगळं होतं. पुढे त्यातली सोलर यंत्रणा त्रास द्यायला लागली आणि काढून टाकली गेली. पण इन्सुलेशन आणि हवाबंदपणा यांनी आपलं काम चोख केलं, आणि नंतर जगभर कमी उष्णतेत चालणारी जी घरं बांधली गेली त्यांनी हीच गोष्ट उचलली. म्हणजे ऊन पकडायच्या आधी ऊब अडवायची.

पायरी १: ऊन कुठून येतं आणि किती येतं ते बघा

उत्तर गोलार्धात हिवाळ्याचं ऊन दक्षिणेकडून येतं (दक्षिण गोलार्धात असाल तर या लेखातल्या दिशा उलट धरा). डिसेंबरच्या सगळ्यात छोट्या दिवशी भर दुपारी सूर्य किती वर असेल ते काढायला एक सोपं गणित आहे, ९० मधून तुमचा अक्षांश वजा करा आणि आणखी २३.५ वजा करा. ३४ अक्षांशावर उत्तर येतं ३२.५ अंश, ५० अक्षांशावर १६.५ आणि ६० वर फक्त ६.५. हा आकडा महत्त्वाचा का, तर सावली. ५ मीटर उंच झाड किंवा भिंत असेल तर ३४ अक्षांशावर दुपारी तिची सावली जवळपास ८ मीटर पडते आणि ५० अक्षांशावर १७ मीटर, आणि सकाळ-संध्याकाळ याहून बरीच लांब. उन्हाळ्यात जागा बघायला गेलात तर सगळं अंगण उन्हात दिसेल आणि डिसेंबरात तिथे दिवसभर सावली असेल, त्यामुळे जागा शक्यतो हिवाळ्यातच बघा, सकाळी ९ ते दुपारी ३ या वेळेत. डोंगराळ भागात तर समोरच्या कड्यामागून सूर्य किती वाजता निघतो हे विचारूनच घ्या, काही दऱ्यांमध्ये तो अकरा वाजता उगवतो आणि दोनला मावळतो.

खरी दक्षिण शोधायला होकायंत्रावर विसंबू नका, चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यात काही ठिकाणी चांगला फरक असतो. सपाट जागी एक काठी ओळंब्याने सरळ उभी करा, दुपारच्या आसपास दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण करा, सगळ्यात छोटी सावली ज्या रेषेवर पडते ती उत्तर-दक्षिण रेषा. घड्याळात तेव्हा बारा वाजलेले असतीलच असं नाही. भिंत किंवा छत दक्षिणेपासून ३० अंशांपर्यंत इकडेतिकडे असेल तर फार नुकसान होत नाही, त्यामुळे जुन्या घराची दिशा थोडी वाकडी आहे म्हणून नाराज व्हायचं कारण नाही.

मग युरोपियन कमिशनचं पीव्हीजीआयएस नावाचं मोफत ऑनलाइन टूल उघडा. जागा, पॅनलचा उतार आणि दिशा टाकली की ते महिन्यावार उत्पादनाचा अंदाज देतं. वर्षाच्या बेरजेकडे बघून खूश होऊ नका, डिसेंबर आणि जानेवारीच्या ओळी बघा. ५० अक्षांशाच्या ढगाळ भागात डिसेंबरचं उत्पादन जूनच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्यावर येतं, तर कोरड्या, उंच, निरभ्र डोंगराळ भागात पॅनल नीट उभे लावले तर हिवाळाही भक्कम जातो. तुमचा भाग यातला कुठला, यावर पुढचे बरेच निर्णय ठरतात.

पायरी २: उष्णता पळते कुठून ते शोधा

ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून लोक गाळतात. एक हिशोब बघा म्हणजे पटेल. समजा एक जुनं घर आहे, आत-बाहेरच्या तापमानात दर अंशाला २०० वॅट उष्णता घालवणारं. आत १८ आणि बाहेर उणे १२, फरक ३० अंश, म्हणजे ६ किलोवॅट सतत, दिवसाला १४४ युनिट. त्याच आकाराचं नीट इन्सुलेशन केलेलं घर दर अंशाला ६० वॅट घालवत असेल तर तिथे दिवसाला ४३ युनिट लागतात. आता दक्षिणेच्या १२ चौरस मीटर चांगल्या काचेतून निरभ्र दिवशी साधारण ३२ युनिट ऊन आत येतं असं धरा. पहिल्या घरात या उन्हाने जेमतेम पाचवा हिस्सा भागतो, दुसऱ्यात तीन चतुर्थांश. ऊन तेच, काच तीच!

सुरुवात फटींपासून करा कारण खर्च सगळ्यात कमी आणि फरक लगेच. वारा असलेल्या थंड दिवशी उदबत्ती पेटवून ती खिडकीच्या चौकटीजवळून, दाराच्या खालून, माळ्याच्या झाकणाजवळून, स्विचबोर्डपाशी आणि भिंतीतून पाइप किंवा वायर बाहेर जाते तिथून हळूहळू फिरवा. धूर सरळ वर जात असेल तर ठीक, एकदम आडवा झाला किंवा आत ढकलला गेला की तिथे खडूने खूण करा. छोट्या फटीला सिलिकॉन किंवा सीलंट, मोठ्या पोकळीला फोम, उघडबंद होणाऱ्या जागी रबराची पट्टी. मोठं काम असेल तर ब्लोअर डोअर टेस्ट करून घ्या, त्यात दाराला पंखा लावून घरात ५० पास्कलचा दाबाचा फरक तयार करतात आणि तासाला घरातली हवा किती वेळा बदलते ते मोजतात. पॅसिव्ह हाऊस, म्हणजे अगदी कमी उष्णतेत चालणारं घर, याच्या मानकात हा आकडा ०.६ च्या आत लागतो. जर्मनीतल्या डार्मश्टाट शहरात १९९१ साली असं पहिलं घर उभं राहिलं, आणि या मानकाप्रमाणे घर गरम ठेवायला वर्षभरात चौरस मीटरला फक्त १५ युनिट उष्णता चालते.

फटींनंतर छत, मग भिंती, मग जमिनीच्या कडा. इन्सुलेशनच्या उबदार बाजूला, म्हणजे घराच्या आतल्या अंगाला, वाफ अडवणारा थर हवाच. तो नसेल तर आतली दमट हवा इन्सुलेशनमध्ये शिरते, थंड जागी तिचं पाणी होतं, इन्सुलेशन ओलं होऊन निकामी होतं आणि लाकूड कुजतं, आणि हे सगळं भिंतीच्या आत चालतं त्यामुळे दिसत नाही.

घर हवाबंद केलं की ताज्या हवेची सोय मुद्दाम करावी लागते, शक्य असेल तर हीट रिकव्हरी व्हेंटिलेशन बसवा, म्हणजे बाहेर जाणारी उबदार हवा आत येणाऱ्या हवेला आपली उष्णता देऊन जाते. आणि हे अगदी कळकळीने सांगतो, घरात लाकडाची, कोळशाची किंवा गॅसची शेगडी जळत असेल तर फटी बुजवण्याआधी तिच्यासाठी बाहेरून हवेचा वेगळा पाइप आणि धूर बाहेर नेणारी चिमणी नीट आहे ना ते तपासा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. या वायूला वास नसतो, झोपेत माणसं जातात.

पायरी ३: दक्षिणेची काच

काच ऊन आत घेते, आतल्या वस्तू तापतात आणि त्या जी उष्णता बाहेर टाकतात ती काचेतून सहजासहजी थेट निघून जात नाही. सगळ्यात साधा आणि सगळ्यात स्वस्त सोलर हीटर म्हणजे दक्षिणेची उभी खिडकी. हिवाळ्यात सूर्य खाली असल्यामुळे उभ्या काचेवर ऊन जवळपास समोरून पडतं, उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो तेव्हा तेच ऊन काचेवरून घसरतं. जमिनीवर बर्फ असेल तर आणखी फायदा, ताजा बर्फ पडलेल्या उन्हाचा ८० टक्क्यांहून जास्त भाग परत फेकतो आणि त्यातला काही खिडकीत येतो.

पण काच कोणती हे बघायला लागतं. पुन्हा तीच १२ चौरस मीटर काच घ्या, दिवसभरात चौरस मीटरला साडेचार युनिट ऊन आणि चोवीस तास ३० अंशांचा फरक. एकेरी काच ४६ युनिट आत घेते आणि ४८ घालवते, म्हणजे अख्ख्या निरभ्र दिवसानंतर हातात काही नाही. साधी डबल काच ४० घेते आणि २४ घालवते. लो-ई कोटिंग (आतली उष्णता परत आत फेकणारा पातळ थर) आणि मध्ये आर्गन वायू असलेली डबल काच ३२ घेते आणि १० च्या आसपास घालवते. म्हणजे सगळ्यात कमी ऊन घेणारी काच शेवटी सगळ्यात जास्त देऊन जाते, २२ युनिट शिल्लक. ढगाळ दिवशी हा फरक आणखी वाढतो.

काच घेताना दोन आकडे लेखी मागा. एक यू व्हॅल्यू, म्हणजे काच किती उष्णता घालवते, हा जितका कमी तितका चांगला, डबल लो-ईला १.१ च्या आसपास आणि ट्रिपलला ०.६ ते ०.८. दुसरा जी व्हॅल्यू, म्हणजे पडलेल्या उन्हातला किती हिस्सा आत येतो, काही ठिकाणी याला सोलर हीट गेन म्हणतात, तो दक्षिणेच्या खिडकीला ०.५ च्या वर हवा. इथे फसगत होते कारण बाजारात लो-ई काच म्हणून जी मिळते त्यातली बरीचशी ऊन बाहेर ठेवण्यासाठी बनवलेली असते, तिची जी व्हॅल्यू ०.३ किंवा त्याहून कमी, गरम प्रदेशातल्या ऑफिसांना ती उत्तम पण तुमच्या दक्षिणेच्या खिडकीला ती लावली तर हिवाळ्याचं फुकटचं ऊन तुम्ही पैसे देऊन अडवताय.

किती काच लावायची? ढोबळ नियम असा की साधं हलक्या भिंतींचं घर असेल तर दक्षिणेची काच जमिनीच्या क्षेत्रफळाच्या ७ टक्क्यांपर्यंत, आणि ऊन साठवणारी जड फरशी-भिंत असेल तर १२ टक्क्यांपर्यंत. याच्या वर गेलात तर फेब्रुवारीच्या दुपारी खोली २८ अंशांवर जाते आणि लोक खिडकी उघडतात, मग सगळी मेहनत बाहेर. उत्तरेला खिडक्या लहान आणि मोजक्या. पश्चिमेच्या मोठ्या खिडक्या टाळाच, हिवाळ्यात त्यांना फारसं ऊन मिळत नाही आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळी खोली भाजून काढतात. तिरकी काच, छतातली काच दिसायला छान पण बर्फाने झाकली जाते, रात्री मोकळ्या आकाशाकडे उष्णता फेकते आणि उन्हाळ्यात नकोशी होते. उभीच काच घ्या आणि वर छज्जा द्या.

रात्रीसाठी शटर किंवा जाड पडदा लावा, पण पडदा वरून आणि बाजूंनी भिंतीला चिकटून हवा. मोकळा लोंबता पडदा असेल तर त्याच्या मागून थंड हवा खाली वाहत राहते, वरून उबदार हवा खेचली जाते आणि सकाळी काचेवर पाणी आणि चौकटीत बुरशी.

पायरी ४: दुपारची ऊब रात्रीपर्यंत पोचवा

दगड, वीट, काँक्रीट, माती, पाणी, या जड वस्तू उष्णता धरून ठेवतात आणि हळूहळू सोडतात. यात पाणी सगळ्यात वरचढ, १ हजार लिटर पाणी ३० अंशांनी तापलं की त्यात ३५ युनिट मावतात. मात्र हे जड सामान इन्सुलेशनच्या आत असायला हवं, म्हणून भिंतीला इन्सुलेशन शक्यतो बाहेरून करा. आतून केलं तर ती वीट बाहेरच्या थंडीत राहते आणि तिचा घराला काही उपयोग नाही. थेट ऊन पडणारी फरशी गडद रंगाची आणि उघडी ठेवा, तिच्यावर गालिचा टाकला की तिचं साठवणं संपलं. आणि एका जागी खूप जाड थर करण्यापेक्षा १० सेंटिमीटरचा थर जास्त जागेत पसरलेला बरा.

याचाच पुढचा प्रकार म्हणजे ट्रॉम्ब भिंत. एडवर्ड मॉर्स या अमेरिकन माणसाने १८८१ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं होतं, पण तिला नाव मिळालं फेलिक्स ट्रॉम्ब या फ्रेंच इंजिनिअरचं, त्याने वास्तुविशारद जॅक मिशेलबरोबर पिरेनीज पर्वतातल्या ओदेयो इथे १९६७ मध्ये अशा भिंतीचं घर उभं केलं. रचना साधी आहे. दक्षिणेला २० ते ४० सेंटिमीटर जाड भरीव भिंत, बाहेरून काळी, तिच्यासमोर काही सेंटिमीटरची फट सोडून काच. दिवसभर भिंत तापते आणि उष्णता आत सरकत जाते, साधारण तासाला एक इंच या वेगाने. म्हणजे ८ इंची भिंतीवर दुपारी १२ ला पडलेलं ऊन रात्री ८ च्या सुमाराला खोलीत पोचतं, अगदी हवं तेव्हा. झोपायच्या खोलीला ही भिंत फार छान, दिवसा वापरायच्या वर्गखोलीला मात्र खिडकीच बरी. दिवसाही ऊब हवी असेल तर भिंतीला खाली आणि वर झरोके ठेवतात, पण त्यांना झडप लागतेच, नाहीतर रात्री हवा उलटी फिरून खोली थंड करते.

ट्रॉम्ब भिंतीला इन्सुलेशन नसतं, त्यामुळे जिथे पाच-सहा दिवस सलग ढग राहतात तिथे ती तोट्यात जाते. कोरड्या निरभ्र थंडीत तिला तोड नाही. लडाखमध्ये लेहजवळच्या फे गावातला सेकमोल या शिक्षणसंस्थेचा कॅम्पस याच तत्त्वांवर उभा आहे, दाबलेल्या मातीच्या जाड भिंती, इमारतीचं तोंड दक्षिणेला, आणि हिवाळ्यात दक्षिण बाजूला जोडलेलं प्लॅस्टिकचं ग्रीनहाऊस. जुन्या घराला सगळ्यात कमी खर्चात करता येण्यासारखं हे ग्रीनहाऊसच आहे. ऊन असेपर्यंत मधलं दार उघडं ठेवायचं आणि सूर्य गेला की लगेच बंद करायचं. त्याला कधीही हीटर लावू नका, ते रात्री गार पडणारच, पडू दे.

पायरी ५: गरम पाणी

थंड प्रदेशात छतावर टाकी असलेला साधा सोलर गीझर फुटतो, सरळ गोष्ट आहे. आणि फुटायला तापमान शून्याखाली जायलाच हवं असंही नाही, निरभ्र रात्री कलेक्टर आकाशाकडे उष्णता फेकत राहतो त्यामुळे हवा ३-४ अंशांवर असतानाही आतलं पाणी गोठू शकतं. म्हणून इथे दोनच पद्धती घ्या. एक, कलेक्टरमधून पाण्याऐवजी प्रोपिलीन ग्लायकॉल मिसळलेलं पाणी फिरवायचं आणि घरातल्या टाकीत कॉइलमधून त्याची उष्णता काढायची. ४० टक्के मिश्रण साधारण उणे २१ पर्यंत आणि ५० टक्के उणे ३३ च्या आसपास टिकतं. गाडीचं एथिलीन ग्लायकॉल वापरू नका, ते विषारी आहे आणि कॉइल गळली तर आंघोळीच्या पाण्यात येईल. दुसरी पद्धत ड्रेनबॅक, पंप बंद झाला की कलेक्टरमधलं सगळं पाणी उताराने घरातल्या टाकीत परत येतं, फक्त पाइपांना सगळीकडे उतार हवा, कुठेही पोट राहिलं तर तिथे पाणी अडकून पाइप फुटतो.

कलेक्टर कोणता, काचेखाली सपाट पत्रा असलेला फ्लॅट प्लेट की काचेच्या नळ्यांचा ट्यूब? व्हॅक्यूम ट्यूब थर्मासच्या तत्त्वावर चालतात, उष्णता जवळजवळ गळतच नाही म्हणून कडक थंडीत आणि पुसट उन्हात त्या पुढे. पण त्याच कारणाने त्यांच्यावर पडलेला बर्फ वितळत नाही, तर फ्लॅट प्लेट थोडी गळकी असल्यामुळे बर्फ सुटून खाली येतो. खूप बर्फ पडत असेल तर फ्लॅट प्लेट ६० अंशांच्या उतारावर, कोरडी थंडी असेल तर ट्यूब, असं माझं मत. टाकी कलेक्टरच्या चौरस मीटरमागे ५० लिटरच्या हिशोबाने घ्या, आणि पाणी अधूनमधून ६० अंशांपर्यंत जाईल अशी सोय ठेवा नाहीतर फुफ्फुसांचा आजार करणारे लिजिओनेला जंतू वाढतात. उन्हाळ्यात पाणी वापरलं गेलं नाही तर ग्लायकॉल उकळून खराब होतं आणि आम्लधर्मी होऊन पाइप खातं, त्यामुळे दरवर्षी थंडीआधी रिफ्रॅक्टोमीटरने गोठण्याचा बिंदू आणि पट्टीने पीएच तपासून घ्या.

दोन-चार माणसांच्या घराला आता हा सगळा पसारा न करता विजेचे पॅनल आणि हवेतली उष्णता खेचून पाणी तापवणारा हीट पंपाचा गीझर जास्त सोपा पडतो असं मला वाटतं. हॉस्टेल, हॉस्पिटल, जिथे रोज भरपूर गरम पाणी लागतं तिथे मात्र कलेक्टरच.

पायरी ६: विजेचे पॅनल

सिलिकॉनचा पॅनल २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के कमी वीज देतो आणि खाली गेला की तितकीच जास्त. चांगलीच गोष्ट आहे, पण हाच मुद्दा इन्व्हर्टर जाळतो. थंडीत व्होल्टेजही वाढतं. समजा पॅनलवर ओपन सर्किट व्होल्टेज (लोड नसतानाचं) ४९.५ लिहिलंय आणि तापमानाचा गुणांक, म्हणजे दर अंशाला व्होल्टेजमधला बदल, ०.२७ टक्के. इन्व्हर्टरची मर्यादा ६०० व्होल्ट. एकामागे एक जोडलेल्या पॅनलच्या ओळीत (स्ट्रिंगमध्ये) व्होल्टेजची बेरीज होते, त्यामुळे सरळ भागाकार केला तर १२ पॅनल बसतात. आता उणे २५ ची सकाळ घ्या, २५ पासून ५० अंशांचा फरक, व्होल्टेज साडेतेरा टक्क्यांनी वाढून ५६.२ होतं, बारा पॅनलचे ६७४ व्होल्ट. सूर्य उगवतो, पॅनल गार आहेत, लोड सुरू व्हायचा आहे, नेमकं तेव्हाच हे ६७४ व्होल्ट इन्व्हर्टरवर येतात आणि तो जातो, वॉरंटीही सोबत जाते. त्या सिस्टिमला १० च पॅनल एका स्ट्रिंगमध्ये. तुमच्या भागातलं आजवरचं सगळ्यात कमी तापमान घेऊन हा हिशोब इन्स्टॉलरकडून लेखी मागा, गरम भागात काम करायची सवय असलेले लोक हा हिशोब करतच नाहीत.

उतार अक्षांश अधिक १५ अंश धरा, बर्फाळ जागी ६० किंवा सरळ उभे भिंतीवर लावले तरी चालतं, हिवाळ्यात फार काही जात नाही आणि बर्फ टिकत नाही. खालची कड जमिनीपासून किंवा छतापासून पुरेशी वर ठेवा, घसरलेला बर्फ साचायला जागा लागते. छत किती वजन पेलतं ते इंजिनिअरकडून तपासा, ताजा भुसभुशीत बर्फ ३० सेंटिमीटर असेल तर चौरस मीटरला ३० किलो, तेवढाच जाड थर दबून बसलेल्या बर्फाचा असेल तर ९० किलो होऊ शकतो. पॅनलवरून बर्फ एकदम कोसळतो, त्यामुळे त्यांच्याखाली घराचं दार, वाट, मुलांची खेळायची जागा येऊ देऊ नका. आणि बर्फ काढताना फावडं नको, गरम पाणी तर अजिबात नको, गार काचेला तडा जातो. लांब दांड्याचा मऊ ब्रश किंवा रबर, तेही खालून उभं राहून. काढता आला नाही तर राहू दे, छतावरून पडून हातपाय मोडण्याइतकी ती वीज मोलाची नाही.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेट घेणार असाल तर ती शून्याखाली चार्ज करायची नाही, आत लिथियमचा थर बसतो आणि बॅटरी कायमची खराब होते. चांगल्या बॅटरीतला कंट्रोल चार्जिंग स्वतःच थांबवतो, म्हणजे बॅटरी वाचते पण गार खोलीत ठेवलेली बॅटरी ऊन असूनही भरत नाही. घराच्या उबदार भागात ठेवा. लेड अ‍ॅसिड पूर्ण चार्ज असताना कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही, पण उतरलेली असेल तर उणे १० च्या आसपास गोठून फुटते.

ग्रिडला जोडलेली साधी सिस्टिम वीज गेली की सुरक्षेसाठी आपोआप बंद पडते, छतावर लख्ख ऊन असलं तरी. हिमवादळात तारा तुटतात तेव्हाच वीज लागते, म्हणून बॅकअप देणारा हायब्रिड इन्व्हर्टर घ्या आणि हीटिंगचा पंप, दिवे, फोन एवढं तरी त्यावर घ्या. उन्हाळ्याची वीज हिवाळ्यासाठी घरच्या बॅटरीत साठत नाही, १० युनिटची बॅटरी म्हणजे एक-दोन रात्री.

पायरी ७: विजेपासून ऊब

साधा हीटर एका युनिट विजेची एक युनिट उष्णता देतो. हवेतून उष्णता खेचणारा हीट पंप ७ अंशांना साडेतीनच्या आसपास देतो आणि उणे १५ लाही साधारण दोन. थंड हवामानासाठी बनवलेलं मॉडेल आहे का आणि उणे १५ किंवा २० ला ते नक्की किती किलोवॅट देतं हे विचारा, माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरात असतो तो ७ अंशांचा आकडा. जमिनीखालचं हीटिंग किंवा मोठे रेडिएटर असतील तर ३५-४० अंशांच्या पाण्यावर भागतं आणि पंप कमी वीज खातो. ऊन असताना दुपारी तो चालवून घर एक-दोन अंश जास्त तापवून ठेवा, चौथ्या पायरीतल्या जड भिंती ही ऊब रात्रीपर्यंत नेतात.

मोठ्या इमारती बघणाऱ्यांसाठी आणखी दोन गोष्टी. गोदाम, शाळा, वर्कशॉप अशा ठिकाणी ताजी हवा सतत आत घ्यावी लागते, तिथे दक्षिणेच्या भिंतीवर बारीक छिद्रांचा गडद पत्रा लावून त्याच्या मागून पंख्याने हवा खेचतात, काच नाही, पाणी नाही, गोठायला काही नाही, आणि हवा तापूनच आत येते. आणि वस्तीच्या पातळीवर उन्हाळ्याचं ऊन हिवाळ्यासाठी जमिनीत साठवणंही जमतं. कॅनडातच ओकोटोक्स इथे ड्रेक लँडिंग नावाच्या ५२ घरांच्या वस्तीने २००७ पासून गॅरेजच्या छतांवरच्या कलेक्टरची उष्णता ३७ मीटर खोल १४४ बोअरमध्ये भरून ठेवली, आणि २०१५-१६ च्या हिवाळ्यात घरं गरम ठेवायची पूर्ण गरज त्यावर भागली. यंत्रसामग्री जुनी होऊन दुरुस्ती कठीण झाल्यावर २०२४ मध्ये ती बंद करायचं ठरलं. तेव्हा असं काही उभं करणार असाल तर पहिल्याच अंदाजपत्रकात पंप, कलेक्टर आणि कंट्रोल पंधरा-वीस वर्षांनी बदलायची रक्कम धरा, आणि सुटे भाग एकाच कंपनीकडे मिळतात अशी यंत्रणा निवडू नका.